आधी नोंद, मग नक्षी : गुडरीड्सच्या चालकांना खुले पत्र

गुडरीड्सच्या चालक मंडळींस,
सॅन फ्रान्सिस्को.



शिवाजी सावंतांची कर्णावरची ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून मराठी घरांतल्या कपाटांतून ती हललेली नाही. हीच कादंबरी आपल्या संकेतस्थळावर शोधायची म्हटली, की वाचकाला आधी स्पेलिंगचा निर्णय घ्यावा लागतो. मराठी माणूस ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ असा करतो, म्हणून रोमन लिपीत तो ‘एम-आर’नंतर ‘यू’ टाकतो. हिंदी माणूस त्या जागी ‘आय’ टाकतो. पी. लाल यांच्या इंग्रजी अनुवादाच्या मुखपृष्ठावर शेवटी एक ‘ए’ आहे, तो मराठी वाचकाच्या बोटांत येत नाही. शिवाय सरळ देवनागरीत टंकणारे आहेतच. भरीस भर म्हणजे बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची याच नावाची असमिया कादंबरी आहे. तिची पार्श्वभूमी १९४२च्या लढ्याची, आणि तिच्या लेखकाला १९७९चे ज्ञानपीठ मिळाले. कर्णाच्या शोधात निघालेला वाचक आसामातल्या रेल्वेरुळांवर जाऊन उभा राहिला, तर त्यात त्याची चूक काय?

ऑटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर या जोडप्याने २००७च्या जानेवारीत हे संकेतस्थळ सुरू केले, २०१३मध्ये ते अ‍ॅमेझॉनने विकत घेतले, आणि त्यानंतर आपल्याविषयी जगभर एकच तक्रार ऐकू येत राहिली : साइट जुनाट दिसते. २०२२मध्ये आपण पुस्तकाच्या पानाला नवे रूप दिले. मुखपृष्ठ मोठे झाले, मजकुराला श्वास घ्यायला जागा मिळाली, बटणे ठसठशीत झाली. बरे झाले. पण मराठी वाचकाचे दुखणे रंगात आणि बटणांत नाही, नोंदीत आहे. एखाद्या पुस्तकाची ओळखच पक्की नसेल, तर त्याच्यावरचे तारे, अभिप्राय, शिफारशी हे सगळे भलत्याच खात्यावर जमा होते. म्हणून या पत्राचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी नोंदी सुधाराव्यात, मग वेग, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी.

लेखकांच्या नावांपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

एकाच नावाचे दोन लेखक निघाले की आपल्याकडे एक मासलेवाईक युक्ती वापरतात. दुसऱ्या लेखकाच्या नाव-आडनावामध्ये एक जादा रिकामी जागा टाकायची. तिसरा आला की आणखी एक. ब्राउझर या जादा जागा पडद्यावर गिळून टाकतो, त्यामुळे वाचकाला तिन्ही नावे अगदी सारखी दिसतात. संगणकाला मात्र ती तीन वेगळी माणसे वाटतात. २००७ साली, चार-दोन माणसांच्या कंपनीत, ही तात्पुरती सोय म्हणून खपून गेली असेल. जोशी, कुलकर्णी आणि पाटील यांचा जिथे तोटा नाही त्या भाषेत ही रिकाम्या जागांची मोजदाद कोण ठेवणार? आणि नवा अभिप्रायकार हौसेने पुस्तक दाखल करायला बसला, तर आपला कुलकर्णी दोन जागांचा की तीन जागांचा, हे त्याला कळणार कसे?

त्यात मराठी लेखकाचे नाव मुळात एका रूपात राहत नाही. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे ‘पु. ल.’ आहेत, रोमन आद्याक्षरांत ‘पी. एल.’ आहेत, आणि हल्ली रोमनमध्येच ‘पुला’ असे सलग लिहिणारेही पुष्कळ आहेत. वसंत पुरुषोत्तम काळे ‘वपु’ आहेत आणि ‘व्ही. पी.’ही. वि. वा. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ स्वतःच्या नावाने दिले आणि ‘विशाखा’ कुसुमाग्रज या नावाने; आपल्या नियमांत टोपणनावाचे खाते वेगळे राहते, म्हणून नाटककार आणि कवी यांची गाठ पडत नाही. माणिक गोडघाटे यांनी तर ‘ग्रेस’ हे नाव घेतले. ते रोमन लिपीत टाकून पाहावे, म्हणजे जगातल्या यच्चयावत ग्रेसबाई हजर होतात आणि नागपूरचा कवी रांगेत कुठेतरी मागे उभा राहतो.

यावरचा उपाय नवा नाही. ग्रंथपालांनी तो कधीच शोधून ठेवला आहे. प्रत्येक लेखकाला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाखाली त्याची सगळी नावे, सगळ्या लिप्यांतली, टोपणनावांसकट, नोंदवायची. वाचक कोणत्याही दाराने आला तरी पोहोचतो एकाच घरात. जगातल्या मोठ्या ग्रंथालयांच्या अशा नावनोंदी एकत्र जोडणारी ‘व्हीआयएएफ’ ही सामाईक यादी सगळ्यांसाठी खुली आहे. विकिडेटावरही हेच तत्त्व चालते. अर्थात टोपणनाव पुसून टाका असे कोणी म्हणत नाही. ‘विशाखा’च्या पानावर कुसुमाग्रज हेच नाव शोभते. फक्त त्या नावाला शिरवाडकरांपर्यंत जाणारी वाट हवी.

मराठी पुस्तकांची अमेरिकेत नीट नोंद करणे जमणार नाही, असे आपल्याकडच्या कोणाला वाटत असेल तर त्यांनी खाडीपलीकडे बर्कलेला एक चक्कर मारावी. अमेरिकी गव्हाच्या बदल्यात भारताने जे रुपये भरले, त्यातल्या काही रकमेतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२पासून दिल्लीत कचेरी थाटून भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी केली आणि ती अमेरिकी विद्यापीठांना धाडली. पीएल ४८० या नावाने ती योजना ओळखली जाते. बर्कले त्या विद्यापीठांपैकी एक. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, नाटके तिथे गेली, त्यांचे शीर्षक ठरलेल्या पद्धतीने रोमन लिपीत उतरवले गेले, लेखकाचे आडनाव आधी लिहून कार्डे तयार झाली. हे काम झाले तेव्हा आजचा वेब जन्मालाही आला नव्हता. इकडे महाराष्ट्रात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती उभी केली आणि पुढच्या खंडात ती १९५०पर्यंत आणली. कोणत्या ग्रंथालयात काय आहे हे पाहत, एकेक पुस्तक नोंदवत केलेले हे काम आहे. दात्यांच्या त्या खंडांतल्या कितीतरी पुस्तकांना आयएसबीएन नाही, कारण तो आकडाच १९७०च्या सुमारास जगात रुळू लागला. आयएसबीएन नसलेले पुस्तक आपल्या यंत्राला अर्धवट वाटते. मराठी वाङ्मयाचा मोठा आणि मानाचा भाग या ‘अर्धवट’ पुस्तकांचाच आहे.

आता एका अशा गोष्टीकडे, जिच्याबद्दल फार कमी बोलले जाते आणि जी मराठी वाचकाला सर्वांत जास्त खटकायला हवी.

आपण एका कृतीच्या सगळ्या आवृत्त्या एकत्र बांधता. तत्त्व योग्यच आहे. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इफ्लाने, १९९८मध्ये जो आराखडा मांडला त्यात चार पायऱ्या होत्या : मूळ कृती, तिचा एखाद्या भाषेतला पाठ, त्या पाठाची छापील आवृत्ती, आणि वाचकाच्या हातातली प्रत. आपण पहिली आणि तिसरी पायरी घेतली. दुसरी गाळली. त्यामुळे भालचंद्र नेमाड्यांची १९६३ची ‘कोसला’ आणि सुधाकर मराठे यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘ककून’ हे दोन्ही एकाच सरासरीखाली येतात. पांडुरंग सांगवीकरची मराठी ज्याने मुळातून वाचली त्याचे पाच तारे, आणि अनुवादात ती लकब हरवली म्हणून वैतागलेल्याचे दोन तारे, एकाच हिशेबात पडतात. मग तो आकडा सांगतो तरी काय? मूळ पुस्तकाविषयी काही सांगत नाही आणि अनुवादाविषयीही नाही. अनुवादकावर तर दुहेरी अन्याय होतो. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे. जेरी पिंटो यांनी ते २०१५मध्ये इंग्रजीत आणले. पिंटोंच्या कामाचे मोल वेगळे मोजायला आपल्या पानावर जागाच नाही. चांगला अनुवाद मूळ लेखकाच्या खात्यावर जमा होतो आणि वाईट अनुवादही त्याच्याच नावे खर्ची पडतो.

उपाय अवघड नाही. सरासरी कृतीची असू द्या, पण तिच्याखाली भाषावार सरासरी दाखवा. मराठीत इतकी, हिंदीत इतकी, इंग्रजीत इतकी. वाचकाने कोणती आवृत्ती वाचली ही माहिती आपल्याकडे आजही आहे, कारण पुस्तक कप्प्यात टाकताना तो आवृत्तीच निवडतो. आकडे हाताशी आहेत, मांडणी नाही.

अनुवादाचा प्रश्न सुटला तरी संतसाहित्य उरतेच. ज्ञानेश्वरीची राजवाड्यांनी सिद्ध केलेली प्रत, साखरे परंपरेची प्रत, सोनोपंत दांडेकरांची सार्थ आवृत्ती या एकच कृती असूनही एक नव्हेत. पाठभेद आहेत, अर्थ वेगळे लावलेले आहेत. यांतली कोणती घ्यावी, हाच तर ज्ञानेश्वरीच्या वाचकाचा पहिला प्रश्न असतो. सगळ्या प्रतींचे अभिप्राय एका ढिगात टाकले तर त्या ढिगातून त्याला हवे ते उत्तर निघणार नाही.

शोधपेटीकडे पुन्हा येऊ, कारण ‘मृत्युंजय’चे उदाहरण रोमन स्पेलिंगपुरते होते. देवनागरीत टंकले तरी सुटका नाही. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर ‘ययाति’ आहे. आजचा वाचक शाळेतल्या शुद्धलेखनाच्या सवयीने ‘ययाती’ टाकतो. त्याच नावाचे गिरीश कार्नाड यांचे नाटक आहे, ते आणखी निराळे. पुलंच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’तले ‘व्यक्ति’ कालांतराने ‘व्यक्ती’ झाले. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ कोणी ‘युगांत’ असे लिहितो. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२मध्ये आणि पुन्हा १९७२मध्ये बदलले, पुस्तके मात्र त्याआधीचीही आहेत आणि नंतरचीही. मराठी शोधयंत्राने ऱ्हस्व-दीर्घाकडे आणि अनुस्वार-परसवर्णाकडे काणाडोळाच केला पाहिजे. एरवी मराठी माणूस या बाबतीत काणाडोळा करत नाही, ही गोष्ट वेगळी.

याखाली आणखी एक थर आहे आणि तो निव्वळ तांत्रिक आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. दोन, साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. ‘अ‍ॅ’चेही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध रूपात २००८ साली आले, पण ‘अ’वर चंद्र चढवून लिहिण्याची जुनी रीत आजही अनेक कळफलकांत चालू आहे. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण लावले तरी या जोड्या एकरूप होत नाहीत. त्यासाठी मराठीपुरते वेगळे नियम लिहावे लागतात. ते फार तर एका अभियंत्याचे काही दिवसांचे काम असेल; आणि आपल्या खाडीभागात मराठी बोलणारा अभियंता शोधायला लांब जावे लागू नये.

आता वेग. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. वेबवर या नियमाला गूगलने आकडे दिले आहेत. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा. बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत दाद द्यावी. हा निकष २०२४च्या मार्चपासून लागू आहे. आणि वाचता वाचता मजकूर खाली-वर उडू नये. पुस्तकांच्या संकेतस्थळावर तिसऱ्या निकषाची पायमल्ली फार सहज होते. मुखपृष्ठांच्या चित्रांना लांबी-रुंदी आधी सांगून ठेवलेली नसते, चित्रे एकेक करून उतरतात, आणि वाचक ज्या ओळीवर बोट ठेवणार ती खाली सरकून तिथे भलतेच बटण येते. गावाकडे स्वस्तातल्या फोनवर, नेटवर्कची दांडी एकदा दिसते एकदा जाते अशा जागी, हे रोजचे आहे. मराठी वाचकाची मागणी साधी आहे. पुस्तकाचे नाव, लेखक, सरासरी आणि पहिले दोन अभिप्राय निव्वळ अक्षररूपात आधी येऊ द्या. चित्रे, शिफारशींच्या सरकत्या पट्ट्या, ‘हेही वाचा’ हे सगळे मागाहून येऊ द्या.

आणि लॉगिनची खिडकी? ती दुसरा अभिप्राय वाचून होण्याआधी तरी आडवी येऊ नये.

देवनागरीसाठी वेगाला एक जादा पदर आहे. रोमन अक्षरांसाठी निवडलेल्या देखण्या फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसतेच. मग फोन आपल्याजवळचा कुठला तरी फॉन्ट उचलतो आणि ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली असल्याने अक्षरांचे वरचे-खालचे अवयव छाटले जातात. याची चाचणी घ्यायला ‘मृत्युंजय’ हाच शब्द उत्तम आहे. ‘मृ’खाली ऋकार लोंबतो, ‘त्यु’खाली उकार, आणि त्याच ‘त्यु’च्या डोक्यावर अनुस्वार बसतो. एका शब्दात वर जागा हवी आणि खालीही. हा शब्द मथळ्यात, बटणावर, शोधाच्या निकालात, सूचनेच्या छोट्या पट्टीत सगळीकडे धडधाकट दिसला की बाकीची मराठी बहुतेक निभावून जाते. दुसरी गोष्ट, मजकुराला भाषेची खूण ‘मराठी’ अशी द्यावी. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण पान मराठी आहे हे कळल्याशिवाय फॉन्ट ते बाहेर काढत नाही. हिंदी वळणाचेच दाखवतो. महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये वर्णमालेचा निर्णय काढताना या दोन अक्षरांचे वळण मुद्दाम सांगितले होते. देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून चालणाऱ्या यंत्रांना मराठी, कोकणी आणि नेपाळी या तिघींचीही ओळख करून घ्यावी लागेल. गोव्यात तर एकाच वाचकाच्या कप्प्यात मराठी आणि देवनागरी कोकणी शेजारी शेजारी असतात.

ताऱ्यांबद्दल थोडके. अर्धा तारा द्या अशी मागणी जगभर आहे. स्टोरीग्राफ या नव्या संकेतस्थळाने तर पाव ताराही दिला. मराठी वाचकाला अर्धा तारा मिळाला तर तो घेईल, पण त्याची खरी अडचण दशांशाची आहे. सहा जणांनी वाचलेल्या कवितासंग्रहाची सरासरी आपण दोन दशांश स्थळांपर्यंत छापता, आणि सहा लाखांनी वाचलेल्या कादंबरीचीही तितक्याच ठामपणे. त्या सहांमध्ये कवीचे दोन मित्र आणि एक मेहुणा असू शकतो. आयएमडीबी हे चित्रपटांचे संकेतस्थळही आपल्याच अ‍ॅमेझॉनचे. त्यांनी सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी सूत्र जाहीर केले आहे : मते कमी असतील तर चित्रपटाचा गुण संपूर्ण संग्रहाच्या सरासरीकडे ओढायचा, मते वाढतील तशी ती ओढ सैल करायची, आणि यादीत यायलाच किमान २५ हजार मते हवीत. समजा, संग्रहाची सरासरी ३.९ आणि उंबरठा पन्नास मतांचा धरला. सहा जणांचे पाच पैकी पाच तारे मग ४.०२ होतात, आणि दोन हजार जणांचे ४.४ हे ४.३९ वर राहतात. क्रमवारीपुरते हे सूत्र वापरावे आणि पानावर, मते तुटपुंजी असताना, दशांश छापूच नयेत. ‘सहा वाचकांचे मत’ एवढे म्हटले तरी पुरते.

अभिप्रायांच्या खरेखोटेपणावर आपण स्वतःच पोळला आहात. २०२३च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या रशियात घडणाऱ्या कादंबरीवर, पुस्तक कोणी वाचायच्या आधीच, पाचशेहून अधिक जणांनी एकेक तारा ठोकला आणि लेखिकेने प्रकाशनच पुढे ढकलले. त्याच वर्षी डिसेंबरात एका नवोदित लेखिकेने बनावट खाती काढून आपल्या बरोबरीच्या लेखकांना एकेक तारा वाटल्याचे उघड झाले आणि प्रकाशकाने तिचे पुस्तक रद्द केले. भारतात मानक ब्यूरोने २०२२च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले आहे. अभिप्राय देणारा खरा आहे की नाही हे कसे पडताळावे आणि संपादन कसे करावे, याचे नियम त्यात आहेत. प्रकाशनाच्या तारखेआधी तारे बंद ठेवणे एवढे साधे पाऊलही पुष्कळ काम करील. परीक्षणासाठी आधी प्रती गेल्या असतील तर ते लोक लिहोत, पण त्यांच्या नावापुढे तशी खूण असावी.

मराठी अभिप्रायांची मांडणी मात्र वेगळीच कसरत आहे. एकाच पुस्तकावर देवनागरीत लिहिलेले, इंग्रजीत लिहिलेले आणि रोमन लिपीतल्या मराठीत लिहिलेले, असे तीन तऱ्हांचे मजकूर येतात. तिसऱ्या तऱ्हेला यंत्र काय समजेल ते देव जाणे. पण सर्वांत मोकळे, घरच्यासारखे अभिप्राय पुष्कळदा तिथेच सापडतात, म्हणून त्यांना ‘इतर’मध्ये ढकलू नये. पसंतीच्या संख्येवर क्रम लावला की चार-सहा वर्षांपूर्वीचा इंग्रजी अभिप्राय वरची जागा कायमची अडवून बसतो आणि कालचा, कसून लिहिलेला मराठी मजकूर खाली जातो. वाचकाच्या भाषेतला एक तरी ताजा अभिप्राय वरच्या तिघांत असावा.

पुस्तकांचे प्रकार हा तर निव्वळ आळसाचा मामला वाटतो. वाचक आपापल्या कप्प्यांना जी नावे देतात त्यांतून आपल्याकडे प्रकार ठरतात. इंग्रजी पुस्तकांसाठी ते झकास चालते, कारण कप्पे भरणारे लाखोंनी आहेत. मराठीत ‘मराठी’ हाच प्रकार होऊन बसतो, नाहीतर ‘भारतीय साहित्य’. ‘माणदेशी माणसं’, ‘एकच प्याला’ आणि ‘उपरा’ या तिघांना एका पेटीत भरल्यावर वाचकाला पुढे काय सुचवणार? मराठीला व्यक्तिचित्रे आहेत, ललितनिबंध आहेत, दलित आत्मकथने आहेत, एकांकिका आणि कीर्तनाची आख्याने आहेत. आणि १९०९मध्ये का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंक काढल्यापासून शंभरावर वर्षे चालत आलेला तो प्रकार आहे, ज्यात मराठीतल्या कितीतरी गाजलेल्या कथा पहिल्यांदा छापून आल्या. तो ना धड पुस्तक ना धड मासिक. आपल्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच सापडत नाही.

भाषेच्या प्रश्नावर आपली मातृसंस्था आपल्यापुढे आहे, ही गंमतच म्हणायची. किंडलने २०१६च्या अखेरीस मराठी पुस्तके दाखवायला सुरुवात केली. अ‍ॅमेझॉनच्या भारतीय दुकानात मराठी २०२१मध्ये आली. त्याआधीच्या डिसेंबरात मराठीसाठी मनसेने केलेले आंदोलन महाराष्ट्राला आठवत असेल. म्हणजे मराठीत पुस्तक विकता येते, चप्पल विकता येते, आणि वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलायचे ठिकाण मात्र सारे इंग्रजीत. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. लायब्ररीथिंग हे आपल्याहून कितीतरी लहान संकेतस्थळ अनेक भाषांत वापरता येते, कारण त्याचे अनुवाद वाचकच करतात. आपण दार उघडले तर इथेही करणारे मिळतील.

शेवटी स्वयंसेवक ग्रंथपालांविषयी. आपल्या पाठीशी ही बिनपगारी फौज आहे आणि नोंदींत जे काही धड आहे ते बव्हंशी तिच्यामुळे आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण तिच्या हाती अवजारे जुनी आहेत. आवृत्त्या जोडायच्या, नावे दुरुस्त करायची, ती एकेक करून. २०२०च्या डिसेंबरात आपण बाहेरच्या प्रोग्रॅमना आपल्या नोंदींशी जोडणाऱ्या एपीआयच्या नव्या किल्ल्या देणे थांबवले, आणि एखाद्या मराठी ग्रंथालयाने किंवा हौशी विद्यार्थ्याने दोनशे दुरुस्त्या एकदम सुचवाव्यात अशी वाटही ठेवलेली नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर या शंभरी उलटलेल्या संस्था आहेत. त्यांच्याकडे पुस्तके आहेत, नोंदी आहेत, जाणकार माणसे आहेत. त्यांना आपल्या संग्रहात मर्यादित का होईना, लिहिण्याचा अधिकार देऊन पाहावा.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर राम गणेश गडकऱ्यांपासून करा. १८८५ ते १९१९, उणेपुरे ३३ वर्षांचे आयुष्य. नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोद बाळकराम या नावाने. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले, तेही छापलेले आहे. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे कोणीही छापतो, म्हणून आवृत्त्या अनेक प्रकाशकांच्या. बऱ्याच जुन्या प्रतींना आयएसबीएन नाही. ‘संन्यास’ कोणी अनुस्वाराने लिहितो, कोणी अर्ध्या ‘न’ने. एका लेखकात सगळे प्रश्न आले. गडकऱ्यांचे एक पान नीट लावा : तिन्ही नावांनी शोधता येणारे, प्रत्येक आवृत्ती जागच्या जागी असलेले, साध्या फोनवर अडीच सेकंदांत उघडणारे. ते जमले की त्याच साच्यात बाकीचे लेखक बसवायला मराठी ग्रंथपाल मंडळी आपण होऊन पुढे येतील. उत्तर कोणत्याही लिपीत पाठवले तरी चालेल.



आपला,
एक मराठी वाचक